उस्तादांनी मागितलेली सही

एकदा एक ट्रकचालक स्वतःच्या मालकीची पहिली गाडी घेऊन गुरूच्या पाया पडायला गेला, आणि अर्ध्या तासात त्या गाडीवरचा हक्क गमावून बसला.

त्याचे नाव भैरू. चौदा वर्षे त्याने दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या होत्या. गुरू म्हणजे हैदर उस्ताद. त्यांनीच त्याला स्टिअरिंग धरायला शिकवले होते. वयोमानाने रस्ता सुटल्यावर त्यांनी कराडजवळ महामार्गालगत गॅरेज थाटले होते.

भैरूने पेढ्यांचा पुडा पुढे केला. "उस्ताद, गाडी एका मोठ्या कंपनीला लावतोय. तीन वर्षांचा करार. दुपारी सही."

"त्यांना काय काय विचारलंस?"

"टनाला भाडं किती, ते विचारलं. चांगलं देतात."

"आणखी?"

"आणखी काय विचारायचं?"

आत जाऊन उस्तादांनी एक लिहिलेला कागद आणला. "यावर सही कर."

भैरूने न वाचता सही केली. गुरूचा कागद वाचणे त्याला उद्धटपणाचे वाटले.

"गाडीची किल्ली दे. आरसी बुकही." त्याने दोन्ही दिले. उस्तादांनी ते लोखंडी पेटीत ठेवून कुलूप लावले आणि मिस्त्रीला हाक मारली. मिस्त्रीने ट्रकच्या पुढच्या चाकाला साखळदंड घातला. भैरू अजून हसतच होता.

"उद्या पहाटे बेळगावला निघायचं," उस्ताद म्हणाले. "माल पंचवीस टन."

"उस्ताद, माझी गाडी अठरा टनांची आहे."

"कागदात लिहिलंय, दिलेला माल नाकारता येणार नाही."

"आणि ओझ्यानं स्प्रिंगचा पाटा तुटला तर? पोलिसांनी धरलं तर?"

"तेही लिहिलंय. जबाबदारी गाडीमालकाची."

भैरूचे हसू मावळले. "चेष्टा पुरे झाली. मला गाडी लावायचीच नाही तुमच्याकडं. किल्ली द्या."

"सहा महिने आधी लेखी कळवावं लागेल. तोवर गाडीची कागदपत्रं माझ्याकडे."

ज्या माणसाला भैरूने बापाच्या जागी मानले, तो शांत चेहऱ्याने त्याची सारी कमाई कुलपात टाकून समोर बसला होता. भैरू ओरडला. "तुम्ही? तुम्ही असं केलंत माझ्याशी? बायकोचं मंगळसूत्र मोडून घेतलीय ती गाडी!"

"मी नाही केलं," उस्ताद म्हणाले. "तुझ्या खिशातला करार काढ. दोन्ही शेजारी ठेवून वाच."

भैरूने कंपनीचा करार उलगडला. तो आठ दिवस खिशात होता; त्याने केवळ भाड्याचा आकडा पाहिला होता. आता तो ओळीवर बोट ठेवून वाचू लागला. माल नाकारता येणार नाही. जबाबदारी गाडीमालकाची. सहा महिने. मूळ कागदपत्रे कंपनीच्या ताब्यात. शब्दन् शब्द तोच होता. उस्तादांच्या कागदावर केवळ कंपनीच्या जागी त्यांचे नाव होते.

"गेल्या महिन्यात त्याच कंपनीतून सुटलेला एक गाडीमालक इथं रडून गेला," उस्ताद म्हणाले. "त्याच्या करारावरून हा उतरवून घेतला. तू तिथंच निघालायस, हे मला तुझी गाडी रंगवणाऱ्या पेंटरनं सांगितलं." मग ते म्हणाले, "बावीस वर्षांपूर्वी मीही गाडी अशीच लावली होती. भाडं तेवढं विचारलं. गाडीवर माझा धाकटा भाऊ होता, करीम. घाटात ब्रेक तापले. त्यानं फोन करून थांबायची परवानगी मागितली. कंपनीचा माणूस म्हणाला, माल वेळेत पोचला पाहिजे. गाडी दरीत गेली, करीमही गेला. दवाखान्याच्या दारात मी कंपनीच्या माणसांना विचारलं, गाडी थांबवायचा अधिकार कोणाचा होता? अपघाताची जबाबदारी कोणाची? भैरू, प्रश्न योग्यच होते. पण ते विचारायची वेळ सहीच्या आधीची असते. नंतर त्यांची उत्तरं देणारा कोणी नसतो."

उस्तादांनी भैरूच्या सहीचा कागद फाडला, पेटी उघडली आणि किल्ली व आरसी बुक त्याच्या ओंजळीत ठेवले.

दुपारी तो कंपनीच्या कचेरीत गेला. व्यवस्थापकाने चहा मागवला. भैरूने विचारले, "माल जास्त असेल तर मी नाही म्हणू शकतो का?" व्यवस्थापक हसून म्हणाला, "तशी वेळच येत नाही." भैरू म्हणाला, "मग तसं लिहून द्या. आणि ज्यांनी तुमच्याकडून गाड्या काढून नेल्या, त्यांच्यातल्या एकाचा फोन नंबर द्या."

व्यवस्थापकाचे हसू लोपले. "हे बघा, सही करायची तर करा. बाहेर रांग आहे."

भैरू उठला. बाहेर बाकावर पाच-सहा गाडीमालक बसले होते, प्रत्येकाच्या हातात तोच करार. टोकाला बसलेल्या वयस्क गृहस्थाला त्याने विचारले, "काका, वाचलात का हा?"

"मला वाचता येत नाही रे बाबा," तो खाली मान घालून पुटपुटला.

भैरू त्याच्या शेजारी बसला. त्याच्या हातातला कागद घेऊन पहिल्या ओळीपासून, सावकाश, साऱ्या बाकाला ऐकू जाईल अशा आवाजात वाचू लागला.