हॉटेलाची पाटी

फार मागची गोष्ट सांगतो. तेव्हा पाट्याही बोलायच्या. घाटाच्या पायथ्याला शेवंताबाईंचं चहाचं दुकान होतं आणि त्यावर एक लाकडी पाटी होती, 'हॉटेल' असं लिहिलेली.

एक दिवस साहेबाच्या बंगल्यातून सुटलेला पोपट समोरच्या जांभळीवर येऊन बसला. पाटी वाचून तो हसायलाच लागला. "अहो बाई, इंग्रजीत हॉटेल म्हणजे मुक्कामाची जागा. खोल्या, पलंग, गाद्या. तुमच्याकडे तर एक बाकडं आहे. शहाणी माणसं हसतील तुम्हाला."

शेवंताबाई बिचाऱ्या ओशाळल्या. पाटी उतरवून चुलीत घालावी म्हणून त्या स्टुलावर चढल्या.

पाटी म्हणाली, "घाला चुलीत, माझी ना नाही. पण खोटी म्हणून मी जळणार नाही. तिकडे माझा अर्थ काय होता ते तिकडच्यांनी बघावं. मी इथला धूर खाल्लाय. आजवर एक तरी माणूस अंथरूण काखेत मारून आला का इथे?"

शेवंताबाईंना तसं कोणी आठवेना. तेवढ्यात घाट उतरून दोन गाडीवान आले. त्यांनी मान वर करून पाटीकडे बघितलंसुद्धा नाही. "मावशी, हॉटेल चालू आहे ना? दोन चहा टाका," म्हणत ते बाकड्यावर टेकले.

बाई सावकाश स्टुलावरून उतरल्या, चहाचं आधण ठेवलं आणि जांभळीकडे बघून म्हणाल्या, "पोपटराव, झोप आली असेल तर फांदी मोकळी आहे. चहा हवा असेल तर हॉटेलात या."