डबक्याकाठचा पाहुणा

“...आणि मान, बाबा? मानेचं काय? लांडोरीची मान अशी ताठ असते का, तुम्हीच सांगा!”

निंबोरे मास्तर दर्ग्याची पायरी चढता चढताच बोलत होते. चैत्रातलं ऊन. टोपी घामाने भिजलेली, गळ्यात दुर्बीण.

दर्ग्याची देखभाल करणारे दौलाबाबा ओट्यावर बसले होते. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

“पाणी नंतर. आधी निवाडा.”

“कसला?”

“परवा माळावर आम्ही माळढोक पाहिला. माझ्या वडिलांनंतर या माळावर तो कुणाला दिसला नव्हता. पण पक्षिमित्र मंडळाचा नियम असा, की दोघांनी मिळून पाहिला असेल तर दोघांनीही तसं सांगायला हवं. आणि हा गुंडाप्पा...”

बाहेर लिंबाखाली गुंडाप्पा कोरे बसले होते. दर्ग्याकडे पाठ करून.

दोघे लहानपणापासून तो माळ एकत्र हिंडत आलेले. परवापासून बोलणं बंद. रागावलेली माणसं उन्हात जास्तच म्हातारी दिसतात.

“बाबा,” गुंडाप्पा झाडाकडे बघत म्हणाले, “त्यांना सांगा, लांडोर होती.”

“बाबा, त्याला सांगा, चष्मा बदल म्हणावं.”

“त्यांना सांगा, चष्मा त्यांच्याच मेव्हण्याच्या दुकानातला आहे.”

बाबांनी कपाळ चोळलं.

“मी निरोप्या नाही, बाबांनो. दोघांनाही ऐकू येतंय.”

मास्तर ओट्यावर टेकले. “संध्याकाळी मंडळाची माणसं येणार. हा तुमचा शब्द मोडत नाही. तुम्ही एकदा ‘माळढोक’ म्हणा, की मिटलं.”

“मला पक्ष्यांतलं काय कळतं?”

“कळायला कशाला हवं? तुम्ही नुसतं म्हणा!”

बाहेरून हसण्याचा आवाज आला. मास्तरांनी तिकडे रागाने पाहिलं.

बाबांनी नजर मास्तरांकडे वळवली. मग म्हणाले, “उडताना कसा दिसला?”

मास्तर दुर्बिणीचा पट्टा बोटाभोवती गुंडाळू लागले.

“मास्तर?”

“उडताना पंख दिसले असते, तर वादच उरला नसता, बाबा.”

“मग?”

“तेव्हा आम्ही... बघत नव्हतो.”

“कुठं बघत होता?”

“याच्या तोंडाकडं!” मास्तर उसळले. “तळ्याचं नुसतं डबकं उरलंय. पहाटेपासून बाभळीच्या आड बसलो होतो. खोकला आला तरी दाबून. ऊन चढलं आणि तो काठाशी आला. झळांत सगळा थरथरताना दिसत होता. पाण्याकडं मान खाली घालतोय, तेवढ्यात हा म्हणतो, लांडोर!”

“मी हळूच म्हणालो होतो. ‘गाढवा’ म्हणून कोण ओरडलं, ते विचारा त्यांना.”

“मग काय आरती ओवाळू तुझी?”

“आणि मग?” बाबांनी विचारलं.

“मग काय... फडफड ऐकू आली. वळून बघतो, तर काठ रिकामा.”

घुमटावर एक होला घुमत होता. तो थांबला.

मास्तरांचा आवाज खाली आला. “वडील आजारी होते ना, तेव्हा म्हणाले होते, तुला एकदा तरी दिसेल. हयात गेली, बाबा, वाट बघण्यात. आता तो दिसला की नाही, एवढंच विचारतोय. मला बोलण्यात घोळवू नका.”

गुंडाप्पांनी मान किंचित वळवली. पुन्हा झाडाकडे केली.

“परवा,” बाबा सावकाश म्हणाले, “तो इथूनच गेला. घुमटाच्या अगदी जवळून.”

मास्तर ताडकन उभे राहिले.

लिंबाखालून गुंडाप्पाही उठले. भराभरा पायऱ्या चढून मास्तरांच्या शेजारी येऊन उभे राहिले.

“तुम्ही पाहिलात?”

“पाहिला.”

“पंख?”

“पंख, पाय, चोच. सगळा पाहिला.”

“अहो, मग इतका वेळ बोलला का नाहीत?” मास्तरांनी टोपी ओट्यावर आपटली. “इथं जीव जातोय माणसाचा!”

“तुम्ही विचारलं कुठं? तुम्ही सांगत होता.”

“आता विचारतोय ना!”

“मीही विचारतोय,” गुंडाप्पा म्हणाले.

“कोण होता?” दोघे एकदमच म्हणाले.

बाबांनी मास्तरांपुढचा तांब्या उचलला. मास्तरांनी त्याला अजून हात लावला नव्हता. ओट्याच्या कडेला पाखरांसाठी मातीचं परळ ठेवलेलं होतं. तळापर्यंत कोरडं. बाबांनी त्यात पाणी ओतलं.

“तहानलेला.”