ब्लाऊबेकचा पहिला घोट

हे मी सांगायचे नाही, असे आमच्या घरात ठरलेले आहे. पाहुण्यांना गावाची गोष्ट हेस्टरआत्या सांगते, आणि शेवट बदलून सांगते.

दक्षिण आफ्रिकेतल्या कारूच्या कोरड्या माळावर आमचे गाव आहे. पाटीवर ‘ब्लाऊबेक’ लिहिले आहे, म्हणजे निळ्या तोंडाचा. ते एका बैलाचे नाव.

फार पूर्वी, म्हणे, पाऊस वर्षानुवर्षे फिरकला नाही, तेव्हा आदाम आणि कात्रेन हे मेंढपाळ जोडपे गाडी जुंपून पाणी शोधत निघाले. मेंढ्या वाटेतच मेल्या. गाडीत तान्ही लेन्की होती. कात्रेनचे दूध आटले होते आणि लेन्कीच्या रडण्याला आता आवाजही उरला नव्हता.

ब्लाऊबेक सारखा डावीकडे ओढी. तिकडे तर नुसती ओढ्याची वाळू. तहानलेला बैल जुवातून सोडू नये, तो मागच्या पाण्याकडे पळतो, असा तिथल्या गाडीवानांचा नियम. आदामने बैलाला जुवाशी बांधणारी गळ्याची सापती आवळली आणि चाबूक ओढला.

“हेकट मेला! तूच मांडीवर घेऊन दूध पाजलंस त्याला.”

“मग तुझ्या आईनं तुला कुठं घेऊन पाजलं रे?” कात्रेन म्हणाली.

आदाम हसला नाही. त्याने सुरी काढली. “बैलाच्या पोटातल्या कोठ्यात पाणी असतं. पिळून निघेल तेवढं पोरीला देऊ.”

“आण इकडे. माझ्या हातचा आहे तो, मीच कापते.”

ती ब्लाऊबेकच्या कानाशी वाकली. “पाणी असेल तर दाखव, बाबा. पहिला घोट तुझा. लेन्कीची शपथ.” आणि तिने गळ्याऐवजी सापती कापली.

बैल धडपडत ओढ्यात उतरला. खुरांनी, शिंगांनी वाळू उकरत तो गुडघ्यांवर आला. कात्रेन मागोमाग पोचली, तेव्हा खड्ड्याच्या तळाशी ओंजळभर पाणी पाझरले होते. ब्लाऊबेकने मान खाली घातली.

कात्रेनने दोन्ही हातांनी त्याचे तोंड मागे लोटले. लहानपणापासून ओळखीचे हात. तो मुकाट बाजूला सरला. तिने डोक्याचा रुमाल भिजवला, गाडीकडे धावली आणि लेन्कीच्या ओठांत पिळला. लेन्कीने घोट गिळला.

कात्रेन परत आली, तेव्हा खड्डा काठोकाठ भरला होता. शेजारी ब्लाऊबेक मरून पडला होता. त्याचे तोंड कोरडे होते. ती ओंजळीने त्यावर पाणी ओतत राहिली, असे सांगतात. आदाम पुढे चल म्हणाला. ती तिथून हलली नाही.

आत्या सांगते की बैल आधी प्याला आणि म्हातारा होऊन मेला. पाहुण्यांना तेच बरे वाटते.

आजही त्याच जागी खोदलेल्या आमच्या विहिरीची दिवसाची पहिली बादली कुणी पीत नाही. ती वाळूवर ओततात आणि जिरेपर्यंत सगळे गप्प उभे राहतात. मागच्या दुष्काळात दिवसाला एकच बादली निघत होती. माझा धाकटा भाऊ तापाने फणफणला होता. आईने बादली उचलली, वाळूकडे पाहिले, मग त्याच्याकडे, आणि कुणाचे लक्ष नाही असे बघून तिने—

“रोझलिन! काय कुजबुजतेस तिथं? आत ये आधी!” आतून आत्या ओरडली.