हंड्यावरचं नाव

निवडणूक हरल्यावर माजी सरपंच बाबासाहेब रणनवरेंना आठवलं, की आपला पितळी हंडा चोरीला गेलाय! पोलिसांना तो सापडला विरोधात प्रचार केलेल्या गजराबाईच्या घरी.

"हंड्यावर माझं नाव कोरलंय. आणखी काय पुरावा हवा?" कोर्टात बाबासाहेब गरजले आणि घरून आणलेल्या तांब्यातून पाणी प्यायले.

गजराबाई म्हणाली, "साहेब, त्या तांब्यावरचंही नाव वाचा की."

न्यायाधीशांनी वाचलं, "गणपत जाचक."

"म्हणजे तांब्या चोरीचा!" गजराबाई म्हणाली.

बाबासाहेब उसळले, "चोरीचा? माझ्या लग्नात मामांनी आहेर केलाय तो!"

"आणि माझ्या पोराच्या लग्नात हंड्याचा आहेर कुणी केला होता, बाबासाहेब?"

बाबासाहेबांचा घसा पुन्हा कोरडा पडला, पण आता तांब्याला हात लावायची सोय राहिली नव्हती.