वाढलेला दिवा

श्रोतेहो, एक विचारतो. भरवसा कुणावर ठेवाल? दिवा देणाऱ्यावर, दिवा लावणाऱ्यावर, की दिव्यावर? घाई नको, आधी ऐका.

एका राज्यात घरोघरचे दिवे डोंगराच्या पोटातल्या एकाच ज्वाळेवर जळत. त्या ज्वाळेला राजा वज्रसेनाचा प्राण शापाने बांधलेला: ती जितकी उतरेल तितका राजा दगड होईल. पण ज्वाळा कधी उतरलीच नव्हती. मग परमुलखातला एक जादूगार आला आणि त्याच ज्वाळेवर जळणारे, पण घरचं माणूस सांगेल ते ऐकणारे दिवे घरोघर देऊन गेला. ‘उजळ’ म्हणा, की उजळला! त्या दिवसापासून ज्वाळा बसू लागली. राजा गुडघ्यापर्यंत दगड झाला.

राजकन्या तरंगिणीचा पाय घरात ठरेना. तिने पाताळातून नागतेल आणून ज्वाळेत ओतलं. ज्वाळा उसळली आणि पुन्हा बसली. राजा कमरेपर्यंत दगड. मग तिने यक्षाकडून निम्मंच जळण खाणाऱ्या वाती आणल्या. लोक खूश! “आता काय, निम्म्यातच भागतंय,” म्हणत एकाच्या जागी तीन दिवे लागले. गोठ्यात म्हशींनाही रोषणाई! राजा छातीपर्यंत दगड.

तेव्हा सज्ज्यातली साळुंकी बोलली, “राजकन्ये, लांब फार हिंडलीस. आता पेठेत जा. काही नेऊ नकोस, काही सांगू नकोस. नुसतं ऐक.”

उजाडताना तरंगिणी पेठेत पोचली. म्हातारी गोजराक्का कासारीण दुकान उघडत होती. हातातली बांगडी फुटली. “अगंबाई, वाढली!” म्हणाली. मग रात्रभर तेवत ठेवलेल्या दिव्याला म्हणाली, “वाढ रे बाबा तूही,” आणि पाठ फिरवून फळ्या काढू लागली.

ज्योत हातभर उंच झाली. उन्हात कुणाला दिसतेय!

“आजी, दिवा तर मोठा झाला!”

“वाढ म्हणजे मालव, एवढंही कळेना? भरल्या घरात ‘विझ’ म्हणू होय? जीभ झडेल माझी!”

“आपली रीत त्या दिव्याला कुठली ठाऊक? वाढ म्हटलं, की तो वाढतो. दिवसभर जळतो.”

म्हातारीने हातातली फळी खाली ठेवली. “म्हणजे राजाला आम्हीच...? आणि तुमच्या महालात काय म्हणतात हो, बाईसाहेब?”

तरंगिणीची मान खाली गेली. “तेच. शंभर दिव्यांना.”

तोच महालातून हाकारा झाला: दगड महाराजांच्या गळ्याशी आला!

“आक्का, विझ म्हणा! माझ्या बापासाठी!”

गोजराक्का दिव्याकडे वळली. मग तिने नातवाला थोपटावं तसा दिव्यापुढे हात हलवला. “नीज रे राजा. नीज.”

ज्योत मिटली.

तो शब्द तरंगिणीने धावत महालात नेला, गोजराक्काने ओरडत पेठेत. घरोघर, गोठोगोठी दिवे निजले. डोंगरात ज्वाळा चढली, तसा राजाच्या अंगावरचा दगड खपल्यांसारखा गळून पडला.

डोळे चोळत राजाने विचारलं, “दिवे कुठं गेले?”

“निजलेत, तात. दिवस उगवलाय.”

यक्षाच्या वाती राहिल्या, पण एका घरात एकच दिवा लागू लागला. राज्य सुखी झालं.

तर मंडळी, आज घरी गेल्यावर किती दिवे कामापुरते लावले, किती उगाच जळत राहिले, याचा हिशेब मांडा. बघायला कुणी येणार नाही, म्हणूनच हात जोडून सांगतो, तो खरा मांडा. माझा भरवसा दिवा लावणाऱ्यावर, म्हणजे तुमच्यावरच आहे.