छातीशी धरलेला निखारा

इराणात सम्राटांचं राज्य होतं, त्या पार जुन्या काळची ही गोष्ट. डोंगरातल्या हुवार गावात वहुदात नावाचा म्हातारा पुजारी अग्नी राखायचा. श्वासानंसुद्धा अग्नी विटाळू नये म्हणून तोंडाला पांढरं फडकं बांधूनच तो लाकूड घालायचा. पाटाच्या पाण्याचं भांडण असो की हरवलेली बकरी, शपथ व्हायची ती त्याच अग्नीसमोर, आणि चोराला तिथं आधीच घाम फुटायचा. तिथला शब्द सरकारदरबारीही खरा धरत. वहुदातच्या तोंडून तर जन्मात खोटं गेलं नव्हतं, असं म्हणतात.

एका हिवाळ्यात सम्राट वारला. राजा म्हणजे अहुर मज्दा या देवानं नेमलेला. तो गेला की त्याचे अंत्यविधी होईपर्यंत राज्यातल्या साऱ्या आगी विझवायच्या, असा रिवाज होता. अग्नीवर पाणी ओतणं पाप, म्हणून वहुदातनं फक्त लाकूड घालणं थांबवलं. अग्नी राखेत निजताना पाहून म्हाताऱ्याचे डोळे भरून आले.

त्याच दिवशी मेंढपाळाच्या बायकोला, हुमायाला, मुलगी झाली. बाहेर बर्फ, घरात चूल गार. पोर निळी पडायला लागली. हुमायाची सासू धावत आली. "बाबा, एक निखारा द्या हो! पोर हातची जातेय!"

वहुदातनं राखेतला शेवटचा निखारा उचलला, अंगरख्याआड छातीशी धरला आणि निघाला. वाटेत सुभ्याचा अंमलदार घोड्यावर.

"सगळ्या आगी विझल्या ना, बाबा?"

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. वहुदातनं तोंडावरचं फडकं सोडलं. "नाही. एक माझ्यापाशी आहे." त्यानं अंगरखा उघडला. निखारा लालबुंद होता, पण कातडीवर साधा डागही नव्हता, असं म्हणतात.

"अहो, नुसतं हो म्हणायचं होतंत!" अंमलदार कळवळला. "आता तुम्हाला धरून न्यावं लागेल."

"न्या. मी खोटं बोललो, तर उद्या त्या अग्नीसमोर तुम्ही कुणाला शपथ घालाल? पण आधी पोरीला ऊब मिळू द्या."

अंमलदारानं घोडा बाजूला घेतला. थोड्या वेळानं पोर रडली, आणि तिच्यासोबत सगळं गाव रडलं.

मग शिपाई वहुदातला घेऊन राजधानीकडे निघाले. त्याच्या पावलांखाली बर्फ वितळत होतं, धुकं दाटत होतं. खिंडीत त्यांनी वळून पाहिलं, तर वहुदात नव्हताच; शिपायांच्या हातात नुसतं त्याचं पांढरं फडकं होतं, अजून उबदार. असं म्हणतात.

हुवारमध्ये आजही मूल जन्मलं की शेजारी मडक्यात निखारा घालून, छातीशी धरून आणतो. बाळाची आई आतून विचारते, "आग आहे का?" तो तोंडावरचं फडकं सोडतो आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगतो, "आहे!"