पेटीत कोंडलेला नऊ

एका राज्यात नऊ म्हणायला बंदी होती. हसू नका. आठ म्हणा, दहा म्हणा, लाख म्हणा, कोणी अडवणार नाही; पण आठ आणि दहाच्या मधला तो अंक तोंडातून निघाला, की माणसाचा उभ्याचा उभा दगड होई. म्हणून तिथली माणसे 'सात, आठ, ते, दहा' अशी मोजत. नवी नवरी नवऱ्याचे नाव घ्यायला लाजते ना, तसे अख्खे राज्य त्या अंकाला 'ते' म्हणे. शाळेतली पोरे आठाच्या पाढ्यावरून थेट दहाच्या पाढ्यावर उडी मारत. त्याबद्दल मात्र एकाही पोराने कधी तक्रार केल्याचे ऐकिवात नाही.

ही करणी विकटाक्ष नावाच्या जादूगाराची. तो नदीची दोरी करी, बैलाची माशी करी, डोंगराला फुंकर मारून त्याचे पीठ करी. आपल्यापुढे जगातली एकही वस्तू आपले रूप टिकवू शकत नाही, याची त्याला भारी घमेंड. एकदा करमेना म्हणून त्याने अंकांवर हात टाकला. सगळे अंक निमूट बदलले. एकटा नऊ त्याला दाद देईना. तो कसा, हे या गोष्टीतल्या राणीलाच पुढे कळायचे आहे. मी आताच सांगून तिचा मान हिरावून घेत नाही. विकटाक्ष असा चिडला, असा चिडला, की त्याने काळ्या लोखंडाची एक पेटी घडवली, बरोब्बर नऊच्या मापाची, त्या अंकाला आत कोंबले आणि वर शाप ठोकला. लोकांना कळले ते असे: ज्याच्या तोंडी तो शब्द येईल त्याचा दगड होईल, पेटी उघडेपर्यंत सुटणार नाही, आणि दगडावरून एक अमावास्या गेली की तो पुन्हा माणूस होणार नाही.

त्या राज्याचा राजा मृगांकसेन. मोठा भला माणूस, पण आनंद झाला की त्याच्या जिभेला लगाम राहत नसे. त्याची राणी हेमवल्ली बाळंत झाली, मुलगी झाली. सुईणीने लेक राजाच्या हातात दिली. राजाने तिच्याकडे पाहिले, डोळे भरून आले, आणि तो कौतुकाने हसत बोलून गेला, "किती वाट पाहायला लावलीस गं. नऊ..." एवढे बोलला आणि चूक ध्यानात येऊन जागीच थांबला. थांबला तो थांबलाच. पायांपासून केसांपर्यंत करडा पाषाण झाला. लेक त्या दगडी हातांत रडू लागली, आणि बोटे ताठरलेली, म्हणून तिला हळूच सोडवून घ्यावे लागले.

राणी बाजेवरून उठून आली. दगडी गालावरून तिने हात फिरवला. मग लेकीला पोटभर पाजले, सासूच्या, म्हणजे राजमातेच्या, ओटीत दिले आणि सांगितले, "अमावास्येच्या आत मी ती पेटी उघडून येते. नाही आले तर हिला सांगा, तिचे वडील तिला बघून हसले होते." राजमातेने अडवून पाहिले, ओली बाळंतीण म्हणून बजावले. राणी ऐकेल कशाला? डोक्याला फडके बांधून ती निघालीसुद्धा.

वाटेत तिला एक साळुंकी भेटली. साळुंकी कसली, चालती-बोलती चावडीच ती. रात्रीच्या झोपेपुरती मिटे ती चोच, एरवी बंद म्हणून नाही. विकटाक्षाच्या डोंगराची वाट मला पाठ आहे म्हणाली, आणि राणीच्या खांद्यावर बसून उन्हावर, ढगांवर, आपल्या मावसबहिणीच्या संसारावर बोलत सुटली. बोलता बोलता तिने पाढा धरला, "नऊ एके नऊ, नऊ दुणे अठरा, नऊ त्रिक सत्तावीस..." राणीच्या अंगावर काटा आला. तिने साळुंकीकडे पाहिले. साळुंकी होती तशी होती, पिवळ्या चोचीची, टवटवीत. पक्ष्यांना शाप लागत नाही राणीसाहेब, असे साळुंकीनेच ठासून सांगितले. राणीला ते पटले.

पण तो पाढा राणीच्या डोक्यातून जाईना. जन्मात ऐकला नव्हता ना. दुपारी एका करंजाच्या झाडाखाली बसून तिने खडे मांडले. अठरा, म्हणजे डावीकडे एक खडा, उजवीकडे आठ. सत्तावीस, म्हणजे डावीकडे दोन, उजवीकडे सात. छत्तीस, तीन आणि सहा. राणी थबकली. उजव्या ढिगातला एक खडा उचलून डाव्या ढिगात टाकला, की पुढची ओळ आपोआप तयार होत होती, आणि दोन्ही ढीग मिळून खडे मात्र तेवढेच. पंचेचाळीस झाले, मग चोपन्न, आणि पुढे तर गंमतच: त्रेसष्ट म्हणजे छत्तीस उलटे, बहात्तर म्हणजे सत्तावीस उलटे, एक्क्याऐंशी म्हणजे अठरा उलटे. किती पट करा, कसेही फिरवा, अंकांची बेरीज घेतली की तो पुन्हा आपल्या घरी हजर. जादूगाराला दाद दिली नाही ती ही अशी. नवरा दगड झाल्यापासून राणी त्या झाडाखाली पहिल्यांदा हसली, आणि मग त्याच हसण्यातून तिला रडू आले.

डोंगराच्या पायथ्याशी पहिला दरवाजा होता आणि त्याच्यापुढे फणीधर नाग. फणे किती, ते तुम्ही ओळखलेच असेल. दरवाजावर एक संख्या कोरली होती: चौऱ्याहत्तर लक्ष बावन्न हजार सहाशे अडतीस.

"इतके मोती माझ्या साऱ्या फण्यांना सारखे वाटले, तर उरतील किती?" नागाने विचारले. "हाताशी वेळ माझ्या एका श्वासाचा. चुकलीस तर प्रत्येक फणा एकेकदा डसेल."

दुसरा कोणी भागाकार मांडत बसला असता आणि मेला असता. राणीने विचार केला, दहा मोती वाटले तर प्रत्येक फण्याला एक जाऊन एक उरतो. शंभर वाटले तरी एकच उरतो, हजारातूनही एकच. म्हणजे जो अंक दिसतो, तेवढेच मोती त्याच्या घरातून उरणार. मग तिने फण्यांइतकी बेरीज होणाऱ्या अंकांच्या जोड्याच लावल्या. चार आणि पाच गेले. सात आणि दोन गेले. सहा आणि तीन गेले. मागे एकटा आठ राहिला.

"आठ," राणी म्हणाली. नागाने सगळे फणे खाली घातले आणि वाट दिली.

वर एक तळे होते, त्याच्या काठी यक्षिणी केस विंचरत बसली होती. त्या पाण्यात संख्या टाकली की ती उलटी होऊन वर येई. यक्षिणीने मनात दोन अंकी संख्या धरली, पाण्यात उलटवली आणि मोठीतून लहान वजा केली. "माझ्या उत्तराचा पहिला अंक सहा," ती म्हणाली. "दुसरा सांग, नाहीतर तुलाही उलटी करून पाण्यात ठेवीन."

आता मनातली संख्या राणीला कशी कळावी? पण कळायची गरजच नव्हती. काठावर बसून तिने दोनचार संख्या उलटवून, वजा करून पाहिल्या. येणारे उत्तर दर वेळी साळुंकीच्या पाढ्यातलेच. मग सहाला साथ कोणाची लागते हे काय वेगळे सांगायचे! "तीन," राणीने सांगितले. यक्षिणीच्या मनात एक्क्याऐंशी होते, त्यातून अठरा गेले, त्रेसष्ट उरले. तिने मुकाट्याने फणी खाली ठेवली आणि पाण्यातून पायऱ्या वर आल्या.

शिखरावर विकटाक्षाची गुंफा. मध्ये चौथऱ्यावर ती काळी पेटी, आणि भोवती दगड झालेली माणसे, या पेटीपुढे हरलेली. विकटाक्ष उठून उभासुद्धा राहिला नाही. त्याला राणीची कीवच आली असावी. तो म्हणाला, "तिसरे काम सगळ्यांत सोपे. या पेटीत काय आहे ते नाव घेऊन सांग. पट सांगू नकोस, जोड्या सांगू नकोस. नाव घे."

नाव घ्यावे तर दगड, न घ्यावे तर नवरा कायमचा दगड. आणि अमावास्या उद्यावर आली होती. लेक डोळ्यांपुढे आली. आपणही दगड झालो तर त्या पोरीला ना आई ना बाप, या विचाराने तिचा जीव खालीवर झाला. तिने नजर फिरवली, तर एका कोनाड्यात तिला दगडाचा पोपट दिसला. चोच मिटलेला.

पोपट! म्हणजे पक्ष्यांनाही शाप लागतो. मग खांद्यावरची ही बया कशी वाचली? राणीने त्या सगळ्या दगडांच्या तोंडांकडे पाहिले. एकजात सगळी मिटलेली. तिला राजाचे मिटलेले ओठ आठवले, आणि लख्ख उमगले. त्या राज्यातले लोक लहानपणापासून इतके भ्यालेले, की तो शब्द चुकून निघाला की दचकून तिथेच गप्प होत. शाप शब्दाला नव्हताच. त्या शब्दावर जो थांबेल त्याला होता. साळुंकी वाचली, कारण ती त्या शब्दावर आयुष्यात कधी थांबलीच नव्हती.

राणीने छातीभर श्वास घेतला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "नऊ एके नऊ, नऊ दुणे अठरा..."

पेटी करकरली. विकटाक्ष ताडकन उठला. आतला नऊ दुप्पट झाला होता आणि पेटी तर एकाच नऊच्या मापाची. राणी थांबेना. नऊ त्रिक सत्तावीस. त्याने वारा सोडला, तिच्या तोंडात धूळ गेली. ती धुळीसकट बोलत राहिली. नऊ चोक छत्तीस, नऊ पंचे पंचेचाळीस. मग त्या दुष्टाने तान्ह्या बाळाचे रडणे काढले, थेट तिच्या लेकीचे. राणीला पान्हा फुटला, चोळी भिजली, डोळ्यांतून धारा लागल्या. एकच शब्द, उगी गं बाई, एवढाच तिला म्हणायचा होता. ती म्हणाली नाही. नऊ सक चोपन्न, नऊ साते त्रेसष्ट. पेटीच्या बिजागऱ्या उडाल्या. शेवटी विकटाक्षाने मृगांकसेनाचे रूप घेतले आणि तिच्यापुढे येऊन उभा राहिला, तेच डोळे, तोच आवाज. "हेमवल्ली," तो म्हणाला, "थांब. मी आलो आहे."

क्षणभर तिला खरेच वाटले. पण आपला नवरा जिभेचा कसा, हे तिच्याहून कोणाला ठाऊक? तो भेटता तर आधी लेकीचे विचारता, आणि आनंदाने दहा गोष्टी बोलता. नऊ आठे बहात्तर, राणी त्याच्या डोळ्यांत डोळे घालून म्हणाली. नऊ नव्वे एक्क्याऐंशी.

पेटीला उभी भेग गेली. जन्माची घमेंड डोळ्यांदेखत फुटताना पाहून विकटाक्षाचे भान सुटले, अंगावरचे राजाचे रूप गळून पडले, आणि तो छाती पिटून ओरडला, "माझा नऊ!"

आणि थांबला.

झाले. त्याचा वासलेला जबडा मिटला, नाना रूपांचा धनी कायमच्या एका रूपात गेला. इकडे राणीने "नऊ दाहे नव्वद" म्हणून पाढा पुरा केला आणि पेटीच्या ठिकऱ्या उडाल्या. आतून नऊ बाहेर आला, न झिजलेला, न वाकलेला. पेटीबरोबर अमावास्येची अटही फुटली, गुंफेतले जुने दगडसुद्धा शिंकत, खोकत माणसे झाले, पोपट पंख झटकून शिव्या देऊ लागला. विकटाक्ष तेवढा दगडच राहिला, कारण बाकीच्यांना शाप दुसऱ्याने दिला होता, याने स्वतःचा स्वतः ओढवून घेतला होता.

राणी धावतपळत घरी आली. नगर गजबजलेले, जागोजागी दगडांची माणसे झालेली आणि घरचे लोक त्यांच्या गळ्यात पडून रडत होते. राजवाड्यात मात्र चिडीचूप. राजमाता दारातच भेटली. म्हणाली, "सूनबाई, तो शुद्धीवर आला, पण तोंड उघडत नाही. पोरीला हातसुद्धा लावत नाही. पुन्हा तोंडातून काही निघून जाईल म्हणून भितो आहे."

मृगांकसेन कोपऱ्यात ओठ आवळून बसला होता. एवढा बोलका माणूस, आणि राणीला पाहून नुसते त्याच्या डोळ्यांतून पाणी आले. राणीला भरून आले. तिने राजमातेकडून लेक घेतली, कुरवाळली आणि त्याच्या हातांत ठेवली. बाहेरच्या चौकात माणसे जमली होती, तीही श्वास रोखून उभी. इतक्या वर्षांची भीती, ती एका पेटीबरोबर थोडीच फुटते?

"म्हणा," राणी म्हणाली.

राजाने मान हलवली. नाही.

"महाराज, मी ते पाढाभर म्हणत आले आहे. म्हणा, आणि हवे तिथे थांबा."

राजाने लेकीकडे पाहिले. डोळे गच्च मिटले. ओठ उघडले, आणि अगदी बारीक आवाजात तो म्हणाला, "नऊ."

म्हणाला, आणि थांबला. चौकातले सगळे थांबले. लेकीने एक लांबलचक जांभई दिली आणि बापाच्या बोटाला मूठ घातली. बोट उबदार होते, मऊ होते. राजाने डोळे उघडले, ते बोट पाहिले, आणि मग तो हसत रडत जे बोलू लागला ते दिवस मावळेपर्यंत बोलतच राहिला.